कुमारवाचकांच्या हाती द्यावीत अशी थरारक पुस्तके

वार्षिक परीक्षा आटोपून सुटी लागली, की घराघरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते : मुले वाचत नाहीत. ही तक्रार बहुधा दहा ते पंधरा या वयोगटातील मुलांविषयी असते. त्याआधीच्या वयात गोष्टी सांगणारी आजी असते, चित्रांची पुस्तके असतात, झोपण्यापूर्वी वाचून दाखवणारे आईवडील असतात. त्यानंतरच्या वयात प्रौढांचे साहित्य खुले होते. मधली पाच वर्षे मात्र बरीचशी मोकळी राहतात. बालकथा बाळबोध वाटू लागलेल्या असतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून पेलत नाहीत. मराठी वाचणारे मूल मराठीपासून कायमचे दूर जाते ते प्रामुख्याने याच टप्प्यावर. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असेल, तर हे अंतर अधिकच झपाट्याने वाढते.

या वयातील मुलांसाठी पुस्तक निवडताना पालकांच्या मनात 'यातून मुलाने काय शिकावे' हा प्रश्न असतो, तर मुलाच्या मनात 'पुढे काय झाले' हा. दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी उत्तर देणारा साहित्यप्रकार म्हणजे साहसकथा, रहस्यकथा, विज्ञानकथा आणि ऐतिहासिक कादंबरी यांचा समूह. मराठीत हा प्रकार दुर्मीळ आहे, असा समज असला तरी शोधणाऱ्याला बरेच काही गवसते.

थरारकथेकडे पाहण्याची दृष्टी

रहस्य आणि साहस यांना मराठी साहित्यव्यवहारात फारसा मान मिळाला नाही. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. 'झुंजार' आणि 'काळा पहाड' ही त्यांची पात्रे घरोघरी पोहोचली. तरीही ती पुस्तके पाठ्यपुस्तकात दडवूनच वाचण्याची होती. वडीलधाऱ्यांचा आक्षेप असा, की अशा वाचनाने भाषा व अभिरुची बिघडते. प्रत्यक्षात मात्र वाचनाचा वेग, सलग दोनशे पाने वाचण्याची सवय आणि अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भाने लावण्याचे कौशल्य ही तिन्ही उत्कंठेच्या बळावरच अंगी येतात. कथानकाने ओढून नेलेला वाचक अवघड शब्दापाशी अडून बसत नाही. पुढे गंभीर साहित्य वाचण्यासाठी लागणारी बैठक अशाच वाचनातून घडते.

उत्तम थरारकथा ओळखण्याच्या काही खुणा आहेत. नायक संकटातून सुटतो तो योगायोगाने की स्वतःच्या बुद्धीने, हे पाहावे. खलपात्रालाही काही विचार, काही आकर्षण असावे. घटना घडतात ते ठिकाण खरे वाटावे. आणि शेवट वाचकाची फसवणूक करणारा नसावा. सारे स्वप्न होते, असे सांगून मोकळी होणारी कथा मुलांना सर्वांत आधी खटकते.

फुरसुंगीचा सायकलवीर

मराठी कुमारसाहित्यातील या परंपरेचा पाया घातला तो भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांनी. 'बालमित्र' मासिकाचे संपादक असलेल्या भागवतांनी निर्माण केलेला 'फास्टर फेणे' ऊर्फ बनेश फेणे हा मराठीतील सर्वांत लोकप्रिय कुमारनायक ठरला. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा पुण्यातील विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल भरधाव पळवतो, आणि काही विलक्षण दिसले की तोंडाने 'ट्टॉक' असा आवाज काढतो. वीस पुस्तकांच्या या मालिकेतील 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'गुलमर्गचे गूढ', 'चक्रीवादळात फास्टर फेणे' ही शीर्षकेच त्याच्या भटकंतीचा आवाका सांगतात.

या नायकाचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात आहे. त्याच्याकडे जादूची कांडी नाही, बलदंड शरीर नाही आणि श्रीमंत घरही नाही. धीटपणा, निरीक्षण आणि स्वस्थ न बसण्याची वृत्ती यांवरच तो संकटे निभावून नेतो. मालिकेतील पुणे हे सायकलींचे पुणे आहे. आजच्या मुलांना ते शहर अनोळखी वाटेल, पण त्यामुळे कथेचा वेग कोठे अडत नाही. १९८७ साली दूरदर्शनवर आलेल्या मालिकेत सुमीत राघवन यांनी, तर २०१७ च्या मराठी चित्रपटात अमेय वाघ यांनी ही भूमिका केली. चित्रपटातील नायक वयाने मोठा आहे आणि कथानक स्वतंत्र आहे. त्यामुळे चित्रपट पाहिलेल्या मुलालाही पुस्तके नवीच वाटतात. नऊ-दहा वर्षांच्या वाचकाने येथून सुरुवात करणे सर्वांत सोयीचे.

व्हर्नचे प्रवास आणि खजिन्याचा नकाशा

भागवतांचे दुसरे मोठे काम म्हणजे फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्या कादंबऱ्यांची मराठी रूपे. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्रसैतान', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' या पुस्तकांनी मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना विज्ञानाच्या आधाराने कल्पनेची भरारी घ्यायला शिकवले.

व्हर्न यांच्या दोन कादंबऱ्यांचा भारताशी थेट संबंध आहे. १८७० साली पुस्तकरूपाने पूर्ण झालेल्या सागरतळाच्या प्रवासातील 'नॉटिलस' पाणबुडीचा गूढ कप्तान निमो हा मूळचा कोण, याचा उलगडा १८७५ च्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये होतो. तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर असून १८५७ च्या उठावात लढलेला आहे. १८७३ च्या 'ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा' या कादंबरीत फिलिअस फॉग मुंबई बंदरात उतरतो आणि त्याचा नोकर मलबार हिलवरील देवळात पादत्राणांसह शिरून संकट ओढवून घेतो. पुढे रेल्वेमार्ग अर्धवट असल्याचे कळते आणि उरलेला प्रवास हत्तीवरून करावा लागतो. वास्तवात मुंबई-कोलकाता लोहमार्ग १८७० मध्येच जबलपूरमार्गे जोडला गेला होता आणि फॉगचा प्रवास १८७२ चा आहे. कथेतील असे कच्चे दुवे शोधून काढणे हा बारा-तेरा वर्षांच्या वाचकासाठी उत्तम खेळ ठरतो. याच कादंबरीत सतीप्रथेचे आणि हिंदू समाजाचे जे चित्र येते, ते भारत कधीही न पाहिलेल्या युरोपीय लेखकाचे आहे. पुस्तक दूर ठेवण्यापेक्षा त्या चित्रावर घरात बोलणे अधिक उपयोगी.

स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या 'ट्रेझर आयलंड'ची जन्मकथा याच वयोगटाशी जोडलेली आहे. १८८१ च्या पावसाळी उन्हाळ्यात घरात अडकून पडलेल्या सावत्र मुलाच्या सोबतीने एका काल्पनिक बेटाचा नकाशा रंगवता रंगवता त्यांना ही गोष्ट सुचली. ती मुलांच्या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आली. नकाशावरील फुलीची खूण आणि एकपायी चाचा ही आज सर्वपरिचित चित्रे लोकांच्या मनात रुजली ती मुख्यत्वे या पुस्तकामुळे. त्याचे खरे मोल मात्र लाँग जॉन सिल्व्हर या पात्रात आहे. हा चाचा प्रेमळ आहे, विनोदी आहे, शूर आहे आणि तितकाच विश्वासघातकीही आहे. आवडणारा माणूस वाईट वागू शकतो, हा अनुभव बालनायक जिम हॉकिन्सबरोबर वाचकालाही येतो. बालकथेतून कुमारकथेत शिरण्याचा उंबरठा म्हणजे हाच अनुभव.

फेलूदा आणि होम्स

गुप्तहेरकथेच्या प्रांतात कुमारांसाठी सर्वांत निर्धोक आणि तरीही चतुर मालिका बंगालीतून आली आहे. चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय यांनी 'संदेश' या मुलांच्या मासिकात १९६५ साली फेलूदाची पहिली कथा लिहिली. प्रदोष मित्तिर ऊर्फ फेलूदा हा गुप्तहेर, गोष्ट सांगणारा त्याचा किशोरवयीन चुलतभाऊ तोपशे आणि साहसकथा लिहिणारा गमतीदार लेखक जटायू अशी ही त्रिमूर्ती. अशोक जैन यांनी केलेले या कथांचे मराठी अनुवाद रोहन प्रकाशनाने प्रसिद्ध केले आहेत.

प्रत्येक कथेत भारतातील एखादे ठिकाण जिवंत होते. 'बादशाही अंगठी'मध्ये लखनौ, गंगटोकच्या कथेत सिक्कीम, तर सोन्याच्या किल्ल्याच्या शोधात जैसलमेर येते. १९७३ च्या कैलास लेण्याच्या कथेत प्राचीन शिल्पांची तस्करी करणाऱ्यांचा माग काढत फेलूदा थेट वेरूळला येऊन पोहोचतो. ही कथा वाचून मग लेणी पाहायला जाणे किंवा लेणी पाहून आल्यावर ही कथा वाचणे, दोन्ही रंगतदार. मुलांसाठी लिहिलेल्या असल्यामुळे या कथांत हिंसेचे वर्णन बेताचे आहे. तर्क आणि सामान्यज्ञान यांना मात्र भरपूर वाव आहे.

फेलूदा स्वतः ज्याला गुरू मानतो तो शेरलॉक होम्स १८८७ मध्ये अवतरला. आर्थर कॉनन डॉइल यांनी त्याच्यावर चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा लिहिल्या. मराठीत भालबा केळकर यांच्यासह अनेकांनी त्यांचे अनुवाद केले. नव्या वाचकाने कादंबऱ्यांऐवजी कथांपासून सुरुवात करावी. बंद खोलीतील मृत्यूचे कोडे असलेली 'द स्पेकल्ड बँड' आणि नाताळच्या बदकाच्या पोटातून निघालेल्या रत्नाची 'द ब्लू कार्बंकल' या १८९२ सालच्या दोन कथा त्यासाठी योग्य. होम्स अंगवळणी पडला, की १९०२ ची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही कादंबरी हाती द्यावी. तीत भुताटकीची भीती आणि तर्काचा विजय हे दोन्ही आहे.

आकाशाशी जडलेले नाते

विज्ञानकथेत मराठी कुमारांना लाभलेले मोठे नाव म्हणजे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५). १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतलेल्या या टोपणनावाने आपल्या ख्यातीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, ही दक्षता त्यांनी घेतली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा त्यांचा कथासंग्रह आला.

त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी कुमारवाचकांना विशेष भावणारी आहे. जमिनीखाली सापडलेल्या एका प्राचीन, प्रगत संस्कृतीच्या ठेव्यातून माणसापेक्षा बुद्धिमान यंत्रमानव घडवला जातो आणि तीन पावले भूमी मागणाऱ्या वामनाच्या पुराणकथेचे सावट त्यावर पडते. १९८० च्या दशकातील ही कादंबरी कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा सर्वत्र चालू असलेल्या आजच्या काळात नव्याने वाचण्याजोगी आहे. 'प्रेषित', 'व्हायरस' आणि 'अंतराळातील भस्मासुर' हीही याच वाटेवरील पुस्तके. नारळीकरांची वाक्ये लहान व स्वच्छ असतात; इंग्रजी माध्यमातील मुलालाही ती अवघड जात नाहीत. शास्त्रीय संज्ञांना घडवलेले मराठी प्रतिशब्द कथेच्या ओघात सहज उलगडतात, हा आणखी एक लाभ.

गड, तलवार आणि जंगल

ऐतिहासिक कादंबरीचे आकर्षण महाराष्ट्रातील मुलांना गडकोटांच्या सहलींमुळे आपोआप निर्माण होते. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२-१९२८), यांची 'वीरधवल' ही १९१३ सालची अद्भुतरम्य कादंबरी आणि स्वराज्यस्थापनेवरील त्यांची कादंबरीमाला एके काळी मुलांनी अक्षरशः पिंजून काढली होती. तानाजी मालुसऱ्यांच्या १६७० मधील पराक्रमावरील हरिभाऊ आपट्यांची 'गड आला, पण सिंह गेला' हीदेखील त्याच परंपरेतील. या पुस्तकांची भाषा जुनी आणि वर्णने विस्तृत आहेत. पहिली वीस-पंचवीस पाने मोठ्यांनी वाचून दाखवली, तर मूल पुढची वाट स्वतः चालू लागते. त्यामानाने गो. नी. दांडेकर (१९१६-१९९८) यांच्या 'बया दार उघड', 'हर हर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची' आणि 'हे तो श्रींची इच्छा' या शिवकालावरील पाच कादंबऱ्या आजच्या वाचकाला जवळच्या वाटतात. सह्याद्री पायी तुडवलेल्या लेखकाचे हे लेखन आहे. त्यांतले कडे, खिंडी आणि पायवाटा ऐकीव नाहीत. कादंबरी वाचून झाल्यावर इतिहास कोठे संपला आणि कल्पना कोठे सुरू झाली, हा प्रश्न मुलांपुढे अवश्य ठेवावा.

जंगलाची ओढ असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकासाठी व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' (१९८२) ही छोटी कादंबरी सुचवता येईल. वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्ष हा तिचा विषय. तीत माणसाची भाषा बोलणारे प्राणी नाहीत आणि गोडवाही नाही. पिल्लांचे मृत्यू आहेत, हद्दीसाठीच्या झुंजी आहेत. हळव्या मनाच्या लहान मुलासाठी ती नाही. प्राणिकथा किती गंभीर असू शकते, हे मात्र ती ठामपणे दाखवते.

भीती किती असावी?

भयकथांविषयी पालक साशंक असतात आणि ते स्वाभाविक आहे. नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या भय व गूढकथा मूलतः प्रौढांसाठी लिहिलेल्या आहेत. त्यांतील निवडक कथा चौदा वर्षांनंतर आणि घरातील मोठ्यांनी आधी वाचून मगच द्याव्यात. हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांनाही (१९९७-२००७) हाच न्याय लावता येईल. ही मालिका मराठीतही उपलब्ध आहे. पहिली तीन पुस्तके दहा-अकराव्या वर्षी आनंदाने वाचता येतात. चौथ्या पुस्तकापासून मृत्यूची छाया गडद होत जाते. नायकाचे वय जसे वाढते तसे वाचकाचेही वाढू द्यावे, म्हणजे सर्व पुस्तके एकाच सुटीत संपवण्याची घाई करू नये.

भीती सोसवेनाशी झाली, की पुस्तक मिटता येते, ही वाचनाची मोठी सोय आहे. पडद्यावरील दृश्य दिग्दर्शकाच्या मर्जीने अंगावर येते. पुस्तकातील दृश्य मात्र मूल आपल्या कुवतीइतकेच रंगवते. भीतीला सामोरे जाऊन पुन्हा घरच्या दिव्याखाली परतण्याचा हा सराव निरुपयोगी नाही.

निवड करताना

वयाचे आकडे ही केवळ दिशा समजावी. साधारणपणे नऊ ते अकरा या वयात फास्टर फेणे, अकरा ते तेरा या वयात व्हर्न, फेलूदा व होम्सच्या कथा आणि तेरानंतर नारळीकरांच्या कादंबऱ्या, दांडेकर व नाथमाधव असा क्रम ठेवता येतो. काही व्यावहारिक पथ्ये पाळल्यास निवड अधिक यशस्वी होते. मुलींना साहसकथा आणि मुलांना रहस्यकथा असली वाटणी करू नये. बहुतेक जुन्या कथांत नायक मुलगेच आहेत, ही उणीव आहे खरी, पण तिच्यामुळे वाचक मुली कमी झालेल्या नाहीत. पन्नास पानांत उरकलेल्या संक्षिप्त आवृत्त्यांपेक्षा शक्यतो पूर्ण अनुवाद घ्यावा. संक्षेपात आधी गळतात ती पात्रे, उरतात त्या निव्वळ घटना. सुरुवातीची पंचवीस-तीस पाने वाचूनही मन रमले नाही, तर पुस्तक बाजूला ठेवण्याचा हक्क मुलाला असावा. आणि पुस्तक संपल्यावर तात्पर्य विचारू नये. कोणता प्रसंग आवडला, खलनायकाच्या जागी तू काय केले असतेस, एवढे विचारले तरी गप्पा रंगतात.

पुस्तके मिळवण्याचे मार्ग

यांतील प्रत्येक पुस्तक विकत घेण्याची गरज नाही. पुणे नगर वाचन मंदिर (स्थापना १८४८), ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) यांसारख्या जुन्या संस्थांपासून गल्लीतील वाचनालयापर्यंत अनेक ठिकाणी चौकशी करता येते. 'बालभारती'तर्फे नोव्हेंबर १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संस्थेने संकेतस्थळावर विनामूल्य खुले केले आहेत. गाजलेल्या मराठी लेखकांचे लेखन त्यांत विखुरलेले आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखनावरील हक्क संपतात. त्यामुळे हरिभाऊ आपटे व नाथमाधव यांचे मूळ साहित्य आता सर्वांसाठी मोकळे आहे. व्हर्न किंवा डॉइल यांच्या अनुवादांना मात्र ही सवलत आपोआप लागू होत नाही. अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो.

घरातील एखाद्या मोठ्या माणसाने पहिले प्रकरण मोठ्याने वाचावे आणि नेमक्या संकटाच्या क्षणी पुस्तक मिटून टेबलावर ठेवून द्यावे, हा उपाय जुना असला तरी अजून निकामी झालेला नाही. चोर भुयारात शिरला आहे, दिवा विझला आहे आणि पुढचे पान कोणी उलटलेले नाही. अशा वेळी बारा वर्षांचे मूल फार काळ दूर राहू शकत नाही. ते पुस्तक मराठीत असेल, तर त्या भाषेशी असलेले त्याचे नाते आणखी काही वर्षे तरी पक्के होते.